ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा

आई जाऊन आता दीड महिना झाला. घर आवरताना तिच्या पेटीत, पांढऱ्या लुगड्याच्या घडीखाली, बाबांचा लाल पत्र्याचा टॅग सापडला. मागच्या बाजूला तीन सह्या होत्या. बाबांचा, तिचा आणि माझा मिळून जो एक आठवडा गेला, त्याबद्दल मी तिला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं इतकी वर्षं माझ्याकडे राहिलं. ती असेपर्यंत ते लिहायचं नव्हतं. आता लिहिते आहे, पण हात भरभर चालत नाही. रोज अर्धं पान होतं, मग मी उठते आणि ओट्यावरचं भांडं उगाच पुन्हा घासते.

आम्ही स्टील प्लांटच्या वसाहतीत, मरोद्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे जाळीचा वरांडा आणि मागे आंगण. आंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, एक झाड होतं, ते आईनं लावलेलं. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढले की आई ते दोनदा झटकायची. लाल धूळ बारीक होती, ती बाबांच्या कॉलरमध्ये आणि माझ्या वह्यांच्या कडांवर बसलेली असे. घड्याळ आम्हाला लागत नसे. प्लांटचा भोंगा झाला की शिफ्ट सुटली, आणि त्यानंतर साधारण अर्ध्या तासानं बाबांच्या सायकलचं स्टँड वरांड्याच्या फरशीवर खणकन आपटलं की जेवण. त्या खणकन आवाजासरशी आई तवा ठेवायची. तांदळाच्या पिठाचे चीले, टमाटरची चटणी, जवसाची सुकी चटणी, आणि मुनग्याच्या शेंगा निघत तेव्हा रोज मुनगाच. "झाड हाय म्हणून काय रोज खावा?" असं मी म्हटलं की आई म्हणायची, "झाडाले सांग मंग, देऊ नको म्हणून."

बाबा प्लांटमध्ये इलेक्ट्रिकलचं मेंटेनन्स करायचे. शाळेत कुणी विचारलं की मी नुसतं "इलेक्ट्रिकलमध्ये" म्हणायची आणि पुढचा शब्द गिळायची. माझ्या वर्गात अधिकाऱ्यांच्या मुली होत्या. पुढचा शब्द न उच्चारण्यात मी चांगलीच तयार झाले होते.

त्यांच्या कामातली एक रीत त्यांनी घरात आणली होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे, म्हणून ती आधी सांगते. प्लांटमध्ये एखाद्या लाइनवर काम करायचं असेल तर आधी तिचा पुरवठा बंद करतात आणि त्या स्विचवर काम करणारा माणूस आपल्या नावाचा लाल टॅग लावतो. तो टॅग दुसऱ्या कुणी काढायचा नाही. मोठा साहेब आला तरी नाही, काम अडलं तरी नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, कारण त्या लाइनवर त्याचे हात असतात. बाबांनी तसाच एक टॅग घरासाठी पत्र्याचा कापून रंगवला होता. पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: "मेश्राम. काम चालू." बल्ब बदलायचा तरी तो मेन स्विचवर लटकायचा. बल्ब बदलून झाल्यावर बाबा शेजाऱ्यांशी गप्पांत रंगले की तो तसाच राहायचा, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, मले मिक्सर लावा लागते! या घरात मी राह्यतो का तुमचा टॅग?" पण ती स्वतः कधी तो काढत नसे. चटणी पाट्यावर वाटायची, कुरकुरायची, पण टॅगला हात लावायची नाही. मीही नाही. आमच्या घरात देवघर नव्हतं. हात लावू नये अशी तेवढी एकच वस्तू होती.

मी अकरावीत गेले तेव्हा बाबांनी मला कॉम्प्युटर घेऊन दिला. तो माझ्या म्हणजे आतल्या खोलीत. वर्षभरानं एक सायबर कॅफे बंद पडला, तिथला एक जुना डबा बाबांनी स्वतःसाठी उचलून आणला आणि बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी बसवला. त्या वयात ते टायपिंग शिकले. विहाराच्या सूचना, बैठकीचे वृत्तांत ते दोन बोटांनी टाइप करायचे. मराठी अक्षरं त्यांना त्या मशीनवर कधी जमली नाहीत, म्हणून नागपुरी बोली रोमन अक्षरांत लिहायचे आणि मग मला बोलावून हातानं मराठीत उतरवून घ्यायचे. उतरवायला छापील कागद लागायचा, आणि प्रिंटर माझ्या खोलीत होता. दर वेळी फ्लॉपी घेऊन यायचं, फ्लॉपी उघडायची नाही, पुन्हा जायचं. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आता दोन्ही मशीन जोडतो. माही फाइल तुले दिसन, तुही मले."

"तुही मले." हे दोन शब्द मी मनात पुन्हा म्हणून पाहिले.

माझ्या कॉम्प्युटरवर एक फाइल होती. मी तेव्हा रोज इंग्रजीत लिहायची. मला वाटायचं, मी लेखिका होणार आहे आणि लेखिकेनं निर्दय असायला हवं. त्या फाइलमध्ये आमचं घर होतं, मुनगा होता, आईचं ओरडणं होतं, आणि सगळ्यांत जास्त बाबा होते. त्यांच्या नखांतलं ग्रीस, त्यांचं इंग्रजी, वर्गमैत्रिणीच्या वडिलांपुढे त्यांचं एकदम लवून उभं राहणं. एक वाक्य मला अजून पाठ आहे. मराठीत ते असं होईल: माझे वडील घरात सगळ्याला टॅग लावतात, कारण कामावर त्यांचं कुणी ऐकत नाही. ते वाक्य लिहिलं तेव्हा मला ते फार छान वाटलं होतं. बाबा इंग्रजी हळू वाचायचे, शब्दाखाली बोट ठेवून. त्या वाक्याखालून सरकणारं त्यांचं बोट मला डोळ्यांसमोर दिसलं.

फाइल पुसून टाकता आली असती. प्रत ठेवायला पेन ड्राइव्ह नव्हता, पण फ्लॉपी होतीच. पुसावीशी वाटली नाही. ती माझी पहिली मोठी गोष्ट होती.

बाबांनी वायर मात्र देखणी ओढली. पांढऱ्या केसिंग पट्टीतून, छताखालून, मधल्या भिंतीच्या झरोक्यातून आरपार. दर वीतभर अंतरावर खिळा. दोन्ही टोकांना जॅक त्यांनी स्वतः बसवले, त्यासाठी साहू काकांकडून चिमटा आणला. साहू काका म्हणजे बाबांचे शिफ्टचे जोडीदार. पलीकडच्या लाइनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचे. मागच्या बाजूचे हिरवे दिवे लागले तेव्हा बाबा लहान मुलासारखे खूश झाले. मग त्यांनी दोन्ही मशीनना नंबर दिले, एकाच गटाचं नाव दिलं, दोन्ही मशीनवरची फायरवॉलची, म्हणजे मशीनच्या राखणदाराची, टिक काढली, कारण पुस्तिकेत तसं लिहिलं होतं, आणि म्हणाले, "उद्या ए शिफ्ट हाय, सकाळची. आल्यावर टेस्ट करू."

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी माझ्या मशीनवरची ती टिक परत लावली. फायरवॉल चालू, आणि त्याखालची आणखी एक टिक, कुणालाही अपवाद नको म्हणणारी, तीही. एवढंच केलं. दोन टिचक्यांचं काम.

त्यानंतरचे पाच दिवस मी आजही नीट बसून आठवू शकत नाही. दुपारी जेवण झालं की बाबा त्यांच्या मशीनपुढे बसायचे आणि मी आतल्या खोलीत. मध्ये भिंत. झरोक्यातून आवाज यायचा.

"सुजाता, दिसून राह्यलं का तिकडं?"

"नाही बाबा."

"म्या इथून हाक मारतो तुह्या मशीनले, तर म्हणते टाइम संपला. जवाबच नाई."

"वायर ढिली असेल."

"वायर ढिली? म्या बसवलेली?" मग ते हसायचे. "पाह्य, लाइन बंद असली का एका टोकाकडून तपासा लागते. अर्ध्यातून नाई. अर्ध्यातून पाह्यलं का माणूस आपल्याले वाटते तेच शोधते."

आणि ते पुन्हा एका टोकाकडून सुरू करायचे. जॅक काढून पुन्हा लावायचे. पट्टी उघडून वायर बोटांनी चाचपायचे. नंबर तपासायचे, गटाचं नाव तपासायचे, एकेक अक्षर मोठ्यानं वाचून माझ्याकडून ताडून घ्यायचे. आणि मी ताडून द्यायची. "हो बाबा, एम. हो, ई. हो, एस." मी मदत करत होते. आई चहा घेऊन यायची आणि दोघांमध्ये उभी राहून म्हणायची, "एका घरात राह्यता तं फाइल हातात नेऊन द्या ना! कावून वायरीले त्रास देऊन राह्यले?"

शुक्रवारी बाबांनी त्यांच्या मशीनच्या स्विचवर लाल टॅग लटकवला. "हे बंद ठेवजो. काम अर्धं हाय," ते आईला म्हणाले. "पुसाले म्हणूनबी चालू करू नको." आईनं कपाळावर हात मारला.

शनिवारी ते ए शिफ्ट करून आले. स्टँड खणकन आपटलं. तीन चीले खाल्ले, चौथा नको म्हणाले. आईनं विचारलं, "कावून, चांगले नाई झाले?" तर म्हणाले, "चांगलेच झाले. पोट भरलं." मग आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मी पुस्तक वाचत होते. ते बराच वेळ तिथेच उभे होते, तशी मी वर पाहिलं.

"चार वाजता उठवशीन मले," ते म्हणाले. "मंग टेस्ट करू."

चार वाजता मी चहा घेऊन गेले. ते कुशीवर झोपलेले होते, एक हात उशीखाली. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला, आणि हाताला जे कळलं ते डोक्यात शिरायला किती वेळ गेला ते सांगता येत नाही. चहा माझ्या हातात होता. तो मी सांडला नाही. मी तो नीट टीव्हीजवळ ठेवला, बशी सरळ केली, आणि मग आंगणात जाऊन आईला म्हणाले, "आई, बाबा उठत नाहीत." माझा आवाज अगदी रोजचा होता. मुनग्याच्या शेंगा तोडायची तिची काठी वरच अडकून राहिली. डॉक्टर आले आणि त्यांनी हृदय म्हटलं. बाबांनी कधी सर्दीसाठीही रजा घेतलेली आम्ही पाहिली नव्हती. आई डॉक्टरांना म्हणाली, "यायले काईच नव्हतं," आणि तेच वाक्य नंतर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली, जणू कुणीतरी हिशोब चुकवला आहे आणि तो दाखवून दिला की दुरुस्त होईल.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. नागपूरहून मामा, मावशी आले. चपलांचा ढीग वरांड्यात. दुसऱ्यांच्या हातचं वरण, वेगळ्याच चवीचं. भोंगा व्हायचा आणि मी खणकन आवाजाची वाट पाहायची. तो आला नाही की प्रत्येक वेळी नव्यानं धक्का बसायचा. दिवसातून तीनदा. शिफ्टच तीन होत्या.

पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी फोटोचा प्रश्न निघाला. मावशी म्हणाली, ओळखपत्रावरचा मोठा करू. आई म्हणाली, "नाई. त्यात ते कोणावर तरी रागावल्यासारखे दिसतात. ते तलावावरचे फोटो पाह्यजे मले." हिवाळ्यात आम्ही साहू काकांच्या घरच्यांसोबत मरोद्याच्या तलावाकाठी डबे घेऊन गेलो होतो. त्यांच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो बाबांनी आपल्या मशीनवर घेतले होते, आणि काकांनी कॅमेरा रिकामा केला होता. फोटो फक्त तिथे होते. आणि त्या मशीनवर टॅग होता.

मी हात पुढे केला तर आई किंचाळली. मी तिला तशी किंचाळताना कधी ऐकलं नव्हतं. "लावू नको हात! यायनं सांगितलं हाय, काम अर्धं हाय!"

"आई, पण आता..."

"आता काय? आता काय वं? ज्यानं लावला त्यानं काढावा!"

खोलीत दहा माणसं होती. मामा काही समजावायला लागले तर ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग दारातून साहू काका आत आले. ते रोज यायचे, वरांड्यात बसायचे, बोलायचे नाहीत. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"भाभी," ते म्हणाले, "प्लांट में इसका भी नियम है. टॅगवाला आदमी नहीं आ सकता, तो टॅग ऐसेच नहीं निकालते. तीन झन मिलके निकालते हैं. लाइन देखते हैं, उसका हाथ तो नहीं है उसमें. फिर तीनों साइन करते हैं. नियम से करबो, भाभी. मेश्राम नाराज नहीं होगा."

आईनं भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. "तुमी कराल साइन?" तिनं विचारलं.

"पहली मैं करूंगा."

त्यांनी खरोखरच लाइन पाहिली. प्लग पाहिला, वायर बोटानं चाचपत झरोक्यापर्यंत गेले, अगदी बाबांसारखे. मग टॅग उतरवून उलटा केला. मागे बाबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: काम, शेअरिंग. स्टेटस, टेस्टिंग बाकी. त्याखाली साहू काकांनी सही केली. आईनं 'शांता मेश्राम' लिहिलं, एकेक अक्षर थांबून. तिसरी सही माझी. खोलीतल्या दहा माणसांत ती लाइन कुणी अडवली होती हे एकटी मीच जाणत होते, आणि टॅग काढल्याची सही मीच करत होते.

मशीन सुरू झालं आणि पासवर्ड मागून थांबलं. आईचं नाव घालून पाहिलं, माझं घालून पाहिलं, गावाचं नाव, क्वार्टरचा नंबर. साहू काकांनी बाबांचा टोकन नंबर सांगितला. काहीच चाललं नाही. पडद्यावर नुसतं बाबांचं नाव आणि रिकामा रकाना. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण कॉम्प्युटरचं मलाच कळतं असा घरात समज होता. आणि मग आई, जिनं त्या मशीनला फडक्याशिवाय कधी स्पर्श केला नव्हता, ती साधेपणानं म्हणाली, "तुमी दोघं ते वायर जोडून राह्यले होते ना इतके दिवस? त्यातून नाई दिसत का तुह्या खोलीतून?"

मी आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

जी टिक मी लावली होती ती काढली. दोन टिचक्या. खरं म्हणजे काढायची गरजही नव्हती, पण हे मला फार पुढे, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला लागल्यावर कळलं. तिथे मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला मी एकदा आडून आडून विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, फायरवॉल बाहरवाले को अंदर आने से रोकती है. आप खुद जाना चाहो तो कौन रोकता है?" म्हणजे त्या पाच दिवसांत बाबा माझ्याकडे येऊ शकत नव्हते, पण मी त्यांच्याकडे कधीही जाऊ शकले असते. फक्त त्यांच्या मशीनचं नाव घालून पाहायचं होतं. मला स्वतःचं दार धरून ठेवण्याची इतकी घाई होती की त्यांचं दार मी एकदाही ढकलून पाहिलं नाही. तो माणूस निघून गेल्यावर मी कपाटांच्या रांगांमध्ये जाऊन उभी राहिले होते, किती वेळ ते आठवत नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या मशीनचं नाव घातलं, आणि ते उघडलं. पासवर्डपाशी अडलेलं मशीन बाहेरच्या खोलीत तसंच उभं होतं, आणि भिंतीच्या या बाजूला ते माझ्यासमोर उघडलं होतं. त्यांनी शेअर केलेली दोनच फोल्डर होती. एकाचं नाव फोटो. दुसऱ्याचं नाव चार्ज.

फोटो लगेच सापडला. तलावाचा काठ, हातात अर्धा चीला, तोंड उघडं, कशावर तरी जोरात हसताहेत. तेवढ्यावर मला उठता आलं असतं.

चार्ज म्हणजे काय ते मला माहीत होतं. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो. कुठलं मशीन कसं चालतंय, काय बिघडलंय, काय बाकी आहे, हे वहीत लिहून, तोंडानं सांगून, मगच गेटबाहेर पडतो. दुसरा आला नाही तर पहिला जात नाही. बाबा अशा कितीतरी वेळा दुसरी शिफ्ट करून आलेले होते. फोल्डरमध्ये एकच फाइल होती. रोमन अक्षरांतली त्यांची नागपुरी.

पहिली नोंद मागच्या पावसाळ्यातली होती. "नागपूरले मोठ्या डॉक्टरले दाखवलं. छातीचा फोटो काढला, नळ्या बंद हाय म्हणते. ऑपरेशन सांगितलं, त्याचीबी खात्री देत नाई. विचार करतो म्हणून आलो. घरी मेळाव्याले गेलो सांगितलं. शांताले सांगू नये. ती जेवणार नाई." विहाराच्या मेळाव्याला म्हणून ते चार वेळा नागपूरला गेले होते. दर वेळी येताना आईसाठी संत्री आणायचे, आणि मी ती सोलून खाल्ली होती.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. यायले काईच नव्हतं. बाहेर आई कुणाला तरी परत तेच सांगत होती, दारातून ऐकू येत होतं.

पुढे घर होतं. एकेक स्विच, एकेक नळ. पाण्याच्या पंपाचा स्टार्टर, कधी अडकतो, कुठे हळू ठोकायचं. कूलरची वायर बदललेली, दोन उन्हाळे चालेल. गॅसची नळी दिवाळीनंतर बदलणे. मुनग्याची वरची फांदी वायरीजवळ येते, काढणे. शांता काढू देत नाई, तरी काढणे. शांताची बीपीची गोळी, सकाळची, विसरते, चहाच्या डब्यावर ठेवणे. प्रत्येकापुढे ओके किंवा बाकी. सुजाताच्या नावासमोर लिहिलं होतं: "लिवते. मले दाखवत नाई. बरोबर हाय, काम अर्धं असलं का दाखवू नये. जे शिकाचं ते शिकू द्यावं. साइन्सचा हट्ट म्या सोडला, तिले सांगाचं बाकी."

मी खुर्चीवर सरळ बसले होते. रडू आलं नाही. कुणीतरी थोबाडीत मारावी आणि ती लागायच्या आधी नुसता आवाज ऐकू यावा, तसं काहीतरी चाललं होतं.

शेवटची नोंद शुक्रवारची होती. ती मी इथे जशीच्या तशी उतरवते. ती मला पाठ आहे, माझ्या त्या इंग्रजी वाक्यासारखीच.

"शेअरिंग. माह्या बाजूनं सगळं ओके. रविवारी सुजाताच्या मशीनवरची टिक म्या काढली होती. आज संध्याकाळी ती ट्यूशनले गेल्यावर पाह्यलं, टिक परत लागून हाय. म्हंजे तिनंच लावली. वायर चांगली हाय, पाच दिवस उगाच तपासली. कावून लावली ते विचारलं नाई. तिचा टॅग हाय. तीच काढन. तोवर हात लावू नये. टेस्टिंग बाकी."

शुक्रवार. म्हणजे शनिवारी दारात उभे होते तेव्हा त्यांना माहीत होतं. चार वाजता उठव, मग टेस्ट करू, असं म्हणाले तेव्हाही. मी पुस्तकातून वर पाहिलं होतं आणि "हं" म्हटलं होतं.

मग मी जे केलं ते कुणी पाहिलं नाही. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी कर्सर नेला आणि त्यांच्यासारखंच, रोमन अक्षरांत, लिहिलं: "टॅग काढला. टेस्टिंग ओके. सुजाता." आणि जतन करायला गेले. एक लहानशी चौकट उघडली. तुम्हाला या फाइलमध्ये बदल करण्याची परवानगी नाही. मी पुन्हा केलं. पुन्हा तीच चौकट. बाबांनी फोल्डर वाचायला दिलं होतं. दुसऱ्यानं त्यात लिहावं यासाठी आणखी एक टिक लागते, ती त्यांनी लावलेली नव्हती. बहुतेक त्यांना ती माहीत नसावी. मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. भिंतीपलीकडे त्यांचं मशीन मंद गुरगुरत होतं, पट्टीतली वायर नीट होती, हिरवा दिवा लुकलुकत होता.

दार ढकलून आई आत आली. मी फाइल बंद केली. बदल जतन करायचे का, असं मशीननं विचारलं, मी नाही म्हटलं. पडद्यावर तलावाकाठचा फोटो आला. आई तो उभ्यानंच पाहत राहिली. मग तिनं पदराच्या टोकानं काच पुसली, ओठांपाशी चीला धरलेल्या त्या हातावरून.

"हाच," ती म्हणाली. मग फोटोवरची नजर न काढता, "अन् काई होतं का वं त्यात? यायनं काई लिवून ठेवलं होतं?"

"नाही आई," मी म्हणाले. "फोटोच होते."